शुद्ध आरा एच १ दर बॅचला वेगळं का वागतं? शेंगदाणा, काजू आणि तिळाच्या ॲलर्जीजनक प्रथिनांवर काम करणाऱ्यांसाठी समस्या निवारण

तक्रार साधारण अशी असते. कच्च्या शेंगदाण्यातून आरा एच १ हे ॲलर्जीजनक प्रथिन वेगळं केलं. कॉलमवर एकच टोकदार पीक आला, प्रथिनं आकारानुसार पसरवणाऱ्या १२ टक्क्यांच्या जेलवर ६३ किलोडाल्टनच्या (रेणूच्या वजनाचं एकक) आसपास एकच बँड दिसला. रुग्णांच्या सिरमबरोबर एलायझा (अँटिबॉडी मोजण्याची प्लेटवरची चाचणी) लावली, आयजीई (ॲलर्जी घडवणारी अँटिबॉडी) भरपूर चिकटलं. पुढच्या बॅचला दाणे तेच, बफर तोच, कॉलम तोच, आणि त्याच रुग्णांचा सिग्नल एकदम खाली. त्यापुढच्या बॅचला पुन्हा वर. मग संशय सिरमवर जातो, प्लेटवर जातो, दुय्यम अँटिबॉडी बदलली जाते, आणि या सगळ्यात मौल्यवान सिरम संपत जातं.

माझं ठाम मत असं आहे की शेंगदाणा असो, काजू असो की तीळ, अशा कोड्यात पहिला प्रश्न एकच विचारावा: २एस अल्ब्युमिन कुठे आहे? ही लहान प्रथिनं नको तिथे शिरलेली असतात, नाहीतर हवी तिथून निसटलेली असतात. प्रयोगशाळेत ज्या अडचणी वेगवेगळ्या म्हणून सांगितल्या जातात, त्यांतल्या बऱ्याच याच एका जागी येऊन मिळतात.

आधी कोण कोण आहे ते

शेंगदाण्याच्या वजनात जवळपास निम्मं तेल आणि साधारण पाव भाग प्रथिनं असतात. या प्रथिनांतली बहुतेक बियाण्याने रोपासाठी साठवून ठेवलेली साठवण-प्रथिनं. आरा एच १ हे ७एस गटातलं, तीन-तीनच्या जुडग्यात राहणारं. आरा एच ३ हे ११एस गटातलं, त्याहून मोठ्या जुडग्यात राहणारं. आणि आरा एच २ व आरा एच ६ ही २एस अल्ब्युमिनं, एकेकटी फिरणारी, अनुक्रमे १७ ते १९ आणि सुमारे १५ किलोडाल्टनची. वेस्ली बर्क्स आणि सहकाऱ्यांनी आरा एच १ चं वर्णन १९९१ मध्ये आणि आरा एच २ चं १९९२ मध्ये प्रसिद्ध केलं. जेलवर ठळक दिसणाऱ्या मोठ्या प्रथिनांकडे साहजिकच सगळ्यांचं लक्ष जातं. पण पुढच्या वर्षांत चित्र स्पष्ट होत गेलं: शेंगदाण्याच्या अर्कातली, ॲलर्जीची प्रतिक्रिया घडवणाऱ्या बेसोफिल आणि मास्ट पेशींना चेतवण्याची बहुतांश ताकद आरा एच २ आणि ६ यांच्यात आहे.

त्याचं कारण त्यांच्या घडणीत आहे. आरा एच २ मध्ये चार डायसल्फाइड पूल (गंधकाचे जोड) आहेत, आरा एच ६ मध्ये पाच. उष्णतेने ही घडी सहज उलगडत नाही, पेप्सिनने पुरती तुटत नाही. आरा एच २ वर पाचकरस सोडले तरी सुमारे १० किलोडाल्टनचा एक तुकडा शिल्लक राहतो आणि रुग्णांचं आयजीई त्यालाही ओळखतं. हेच पूल डीटीटीने (असे जोड तोडणाऱ्या रसायनाने) आधी तोडले, तर तोच तुकडा पचून जातो. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे तिचा तपासणीसाठी उपयोग होणार आहे.

एक टक्का भेसळ म्हणजे नेमकी किती

आता तो ‘एकच बँड’ जवळून बघू. लेनमध्ये ५ मायक्रोग्रॅम आरा एच १ भरलं आहे आणि त्यात वजनाने एक टक्का आरा एच २ आहे असं धरा. म्हणजे ५० नॅनोग्रॅम. आरा एच २ जेलवर दोन जुळे बँड देतं, कारण त्याची दोन रूपं आहेत आणि मोठ्या रूपात १२ अमिनो आम्लं जास्त आहेत. म्हणजे प्रत्येक बँडच्या वाट्याला २५ नॅनोग्रॅम. साध्या कुमासी रंगात एवढं प्रथिन दिसत नाही, किंवा इतकं फिकट दिसतं की फोटोत उतरत नाही. जेल स्वच्छ, मन निर्धास्त.

रेणूंच्या भाषेत हीच भेसळ आणखी मोठी होते. आरा एच १ चा एक रेणू सुमारे ६३ किलोडाल्टनचा, आरा एच २ चा सुमारे १७ चा. वजनाने एक टक्का म्हणजे रेणूंच्या संख्येने जवळपास पावणेचार टक्के. आणि बेसोफिल चाचणीत आपण प्रथिनाची मात्रा दहा-दहाच्या पटीत वाढवत नेतो. एखाद्या रुग्णाच्या पेशी आरा एच २ ला शंभरपट कमी मात्रेतही प्रतिसाद देत असतील, तर आरा एच १ च्या नावावर काढलेला आख्खा आलेख त्या एक टक्क्याचाच असू शकतो. एका बॅचमध्ये भेसळ अर्धा टक्का, दुसऱ्यात दोन टक्के, एवढ्या फरकाने सिग्नल वर-खाली होतो. सिरमचा दोष नसतो आणि प्लेटचाही नसतो.

आरा एच १ आणि आरा एच २ यांच्यात आयजीईची परस्पर ओळख असते का, या प्रश्नावर बराच खल झाला आहे. ज्याला त्यात उतरायचं आहे त्याने आधी आपल्या नमुन्यातली भेसळ आकड्यात मांडली पाहिजे. ‘९५ टक्क्यांहून अधिक शुद्ध’ हे वाक्य या विषयात मला पुरेसं वाटत नाही. उरलेले पाच टक्के कशाचे, हे सांगितल्याशिवाय त्या आकड्याला अर्थ नाही.

भेसळ आहे की नाही, कसं ओळखायचं

सगळ्यात स्वस्त उपाय: जेल जाणूनबुजून जड भरा. एका लेनमध्ये ५, शेजारी २०, त्याशेजारी ४० मायक्रोग्रॅम. वरचा बँड फुगून कुरूप होईल, होऊ द्या. आपल्याला खालचा भाग पाहायचा आहे. त्याच जेलवर शुद्ध आरा एच २ चे १०, २५, ५० नॅनोग्रॅम भरा, म्हणजे तुलना करता येईल, आणि सिल्व्हर स्टेन करा. सिल्व्हर काही नॅनोग्रॅमपर्यंत पोचतो.

दुसरी गोष्ट, प्रत्येक नमुना दोनदा चालवा, एकदा डीटीटी घालून आणि एकदा न घालता. शेंगदाण्यात हे फार महत्त्वाचं आहे, कारण २० किलोडाल्टनच्या आसपास आरा एच ३ ची अल्कधर्मी साखळीही येते. डीटीटी घातलेल्या जेलवर ती आणि आरा एच २ यांची गल्लत अगदी सहज होते. डीटीटीशिवाय ती साखळी आपल्या आम्लधर्मी जोडीदाराला डायसल्फाइडने बांधलेली राहते आणि दोघं मिळून ६० च्या आसपास दिसतात. त्यामुळे डीटीटी न घातलेल्या लेनमध्ये २० च्या खाली जे दिसतं, त्यात आरा एच ३ च्या या साखळीचा गोंधळ बराचसा निघून जातो. शिवाय आरा एच २ स्वतः डीटीटीशिवाय घट्ट गुंडाळलेलं असतं, म्हणून थोडं अधिक खाली उतरतं. बँड डीटीटीने वर सरकला, तर बहुधा तेच.

इथेच एक नेहमीचा गैरसमज. आरा एच ३ चे १४ ते ४५ किलोडाल्टनपर्यंत पसरलेले बरेच बँड पाहून ‘प्रोटिएजने (प्रथिन तोडणाऱ्या एन्झाइमने) खाल्लं’ असा निष्कर्ष काढला जातो आणि त्याला रोखणाऱ्या महागड्या इनहिबिटरचा डोस वाढवला जातो. यातले बरेचसे काप बियाण्यातच, दाणा भरत असताना झालेले असतात. ताज्या दाण्याचा अर्क काढून लगेच उकळत्या सॅम्पल बफरमध्ये घाला. तरीही तेच बँड दिसले, तर इनहिबिटरचा खर्च वाचवा.

तिसरी तपासणी मला सगळ्यात आवडते. आपल्या ‘शुद्ध’ आरा एच १ चे दोन भाग करा. एक तसाच ठेवा. दुसऱ्यात डीटीटी घाला, मग आयोडोॲसिटामाइडने मोकळे झालेले गंधकाचे गट बंद करा, आणि जादा रसायन डायलिसिसने काढा. दोन्ही भाग सारख्याच मात्रेत एलायझावर लावा. परिपक्व आरा एच १ ची घडी डायसल्फाइड पुलांवर उभी नाही, त्यामुळे या उपचाराने त्याचं फारसं बिघडू नये. सिग्नल कोसळला, तर तो डायसल्फाइडवर जगणाऱ्या कुणाचा तरी होता. एक सावधगिरी: आरा एच १ चा सुरुवातीचा तुकडा बियाण्यातच कापून वेगळा होतो आणि त्यात सिस्टीन (गंधक असलेलं अमिनो आम्ल) भरपूर असतं. हा तुकडा नमुन्यात उरला असेल तर तोही असाच वागेल. म्हणून शेवटचा निवाडा मास स्पेक्ट्रोमेट्रीवर सोडा. स्वतःकडे यंत्र नसेल तर जेलच्या खालच्या भागाची पट्टी कापून एखाद्या केंद्रीय सुविधेत पाठवता येते. पाठवताना वरचा ठळक बँड न पाठवता खालचा रिकामा दिसणारा भाग पाठवा. बहुतेक जण नेमकं उलटं करतात.

आणि ज्यांच्याकडे आरा एच २ व ६ च्या मोनोक्लोनल अँटिबॉडी आहेत, त्यांनी सँडविच एलायझाने भेसळ थेट मोजावी. त्याहून सरळ रस्ता नाही. दोन्हींची मोजा. फक्त आरा एच २ मोजून आरा एच ६ विसरलात तर अर्धीच भेसळ हाती लागते.

भेसळ काढायची कशी

आरा एच १ चं जुडगं १८० किलोडाल्टनच्या वर आणि आरा एच २ अवघं १७ चं. साइझ एक्सक्लूजन (आकारानुसार वेगळं करणाऱ्या) कॉलमवर ही दोघं एकमेकांपासून मैलभर दूर निघायला हवीत. तरीही एकत्र सापडतात, याची दोन कारणं वारंवार दिसतात. एक, विद्युतभारामुळे लहान प्रथिनं मोठ्यांना चिकटून येतात. कमी मिठाच्या बफरमध्ये हे जास्त होतं. धावत्या बफरमध्ये मीठ ०.५ मोलरपर्यंत वाढवा, गरज पडली तर १ मोलर. दोन, शेंगदाण्यातली प्रोअँथोसायनिडिनं आरा एच १ ला एकत्र बांधून तीनहून मोठे गठ्ठे करतात आणि त्यांच्यात इतर प्रथिनं अडकू शकतात. ही रसायनं मुख्यतः लाल सालीत असतात. दाणे सोलून घेतल्याने जेवढा फरक पडतो तेवढा कुठल्याही महागड्या कॉलमने पडत नाही. सोलण्यासाठी भाजू मात्र नका. दाणे थंड करून कोरडेच चोळा आणि उरलेली साल चिमट्याने काढा.

त्यानंतर आयन एक्सचेंज (विद्युतभारानुसार वेगळं करणारा कॉलम). ग्रेडियंट (मिठाची चढती मात्रा) सावकाश चढवा आणि पीकचा फक्त मधला भाग घ्या. दोन्ही बाजूंच्या उतारांवरचं प्रथिन टाकून द्यायला जीव होत नाही, हे मला माहीत आहे. पण भेसळ त्या उतारांवरच असते, आणि बॅचगणिक फरकही तिथूनच येतो, कारण एकदा आपण दोन ट्यूब जास्त घेतो आणि एकदा दोन कमी. कोणत्या ट्यूबपासून कोणत्या ट्यूबपर्यंत घ्यायचं हे आलेख पाहून त्या क्षणी ठरवू नका. प्रत्येक ट्यूबचं जेल पाहून ठरवा आणि वहीत लिहून ठेवा.

शेवटचा हात म्हणून आरा एच २ व ६ विरुद्धच्या अँटिबॉडी बसवलेल्या कॉलममधून नमुना नेला, तर उरलासुरला अंशही पकडला जातो. खर्चिक आहे, पण बेसोफिलवर काम करायचं असेल तर मी तरी याशिवाय पुढे जाणार नाही.

आता उलट तक्रार: लहान प्रथिन गायब झालं

काजू आणि तिळात हे जास्त घडतं. अर्कात होतं, डायलिसिसनंतर नाही. किंवा जेलवर होतं, ब्लॉटवर (जेलमधली प्रथिनं उतरवून घेतलेल्या मेंब्रेनवर) नाही.

डायलिसिसची नळी आधी तपासा. प्रयोगशाळेत पडून असलेलं रीळ बहुधा १२ ते १४ किलोडाल्टन कट-ऑफचं, म्हणजे त्याहून लहान रेणू बाहेर जाऊ देणारं असतं. तिळाचं सेस आय १ सुमारे ९ किलोडाल्टनचं आहे. काजूचं आना ओ ३ चौदाच्या आसपास. म्हणजे रात्रभर आपण आपलं प्रथिन मोठ्या बीकरमध्ये सोडून सकाळी बेसिनमध्ये ओततो. ३.५ किलोडाल्टनची नळी वापरा आणि पहिल्यांदा करताना बाहेरचं पाणीही जपून ठेवा. ते आटवून जेलवर चालवलं की काय हरवतंय हे डोळ्यांनी दिसतं.

मग जेल. आरा एच २ ची साखळी एकसलग आहे, पण आना ओ ३, सेस आय १ आणि ब्राझील नटचं बेर ई १ यांच्या दोन-दोन साखळ्या असतात, डायसल्फाइडने जोडलेल्या. डीटीटी घातलं की मोठी साखळी ९ किलोडाल्टनच्या आसपास राहते आणि छोटी ३ ते ५ च्या दरम्यान जाते. १२ टक्क्यांच्या साध्या जेलवर निळा रंग तळाशी पोचेपर्यंत चालवलं, तर छोटी साखळी त्या रंगाबरोबरच बाहेर पडलेली असते. १६.५ टक्क्यांचं ट्रायसिन जेल वापरा. फिक्स करायलाही विसरू नका, कारण इतके लहान तुकडे स्टेन आणि डिस्टेनमध्ये धुऊन जातात. जेल आधी ग्लुटाराल्डिहाइडमध्ये ठेवलं तर ते टिकतात.

ब्लॉटवर ०.४५ मायक्रॉनचं नायट्रोसेल्युलोज लहान प्रथिनाला अडवत नाही, ते आरपार जातं. ०.२ मायक्रॉनचं घ्या, वेळ कमी करा, आणि मेंब्रेनच्या मागे दुसरं मेंब्रेन लावून पाहा. मागच्यावर बँड आला, तर उत्तर मिळालं.

आणि बँड मेंब्रेनवर आहे, पॉन्सो रंगाने दिसतोही, पण आयजीई चिकटत नाही, असं झालं तर डीटीटी आठवा. २एस अल्ब्युमिनवरच्या आयजीईच्या जागांपैकी बऱ्याच जागा त्या घडीवर अवलंबून असतात. घडी उलगडलेल्या ब्लॉटवर काहीच न दिसणं म्हणजे ‘या रुग्णाला ॲलर्जी नाही’ असं मुळीच नाही. त्याच सिरमने न उलगडलेल्या प्रथिनाचा डॉट ब्लॉट करा आणि मगच बोला. ई. कोलायमध्ये बनवलेलं आरा एच २ वापरणाऱ्यांनी आणखी एक लक्षात घ्यावं. दाण्यातल्या आरा एच २ च्या काही प्रोलिनांवर हायड्रॉक्सिल गट असतो, जिवाणूत बनवलेल्यावर तो नसतो, आणि काही रुग्णांचं आयजीई नेमक्या त्याच जागेवर बसतं. डायसल्फाइड बरोबर जुळले आहेत की नाहीत हा प्रश्न वेगळाच.

भाजलेले दाणे, उकडलेले दाणे

बाजारातून भाजलेले दाणे आणून काम सुरू केलं, तर पुढच्या कुठल्याच आकड्यावर विसंबता येणार नाही. भाजताना आरा एच १ ची विद्राव्यता घसरते. साखरेशी प्रथिनांची माइलार्ड अभिक्रिया होते, गुठळ्या बांधल्या जातात, आणि अर्कात येणारं प्रथिन कमी होत जातं. एका बॅचला फिकट भाजलेले आणि दुसऱ्याला खरपूस असतील, तर दोन वेगळे अर्क तयार होतात. सोहैला मलेकी आणि सहकाऱ्यांनी २००० साली दाखवलं की भाजलेल्या दाण्यांच्या अर्काला रुग्णांचं आयजीई कच्च्याच्या मानाने सुमारे ९० पट जास्त चिकटतं. भाजण्याचं तापमान आणि वेळ लिहिल्याशिवाय कुणाचेही दोन निकाल एकमेकांशेजारी ठेवता येत नाहीत, हे त्यावरून समजून घ्यावं.

उकडलेल्या शेंगांची गोष्ट निराळी. त्यांचं आयजीईशी नातं कमी झालेलं दिसतं, त्यामागचं एक मोठं कारण म्हणजे लहान प्रथिनं उकळत्या पाण्यात उतरतात. प्रयोगात ते पाणी फेकू नका. तेच तपासण्यासारखं आहे.

म्हणून सुरुवात कच्च्या आणि वाण माहीत असलेल्या बियाण्यापासून करा. आपल्याकडे हे अवघड नाही. भाभा अणुसंशोधन केंद्राचं टॅग-२४ किंवा जेएल-२४ म्हणजेच फुले प्रगती, असं नावानिशी बियाणं मिळतं. काजूसाठी वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्राचे वेंगुर्ला-४, वेंगुर्ला-७ हे वाण आहेत. पेरणीचं बियाणं घेताना एकच खबरदारी: त्यावर बुरशीनाशक चोळलेलं नाही याची खात्री करा.

तेल काढताना

मिक्सरमध्ये दाणे सलग फिरवले की कूट न होता लोणीच होतं, आणि त्यातून हेक्सेन आत पोचत नाही. भांडं आणि दाणे आधी गोठवून घ्या, थांबत थांबत फिरवा, द्रव नायट्रोजन असेल तर उत्तमच. मग थंड हेक्सेन, वजनाच्या दहापट, दोन-तीन वेळा. पावडर पांढरीफटक आणि बोटांना कोरडी लागली पाहिजे. तेलकट राहिली तर बफर टाकल्यावर दुधाळ होतं आणि सेंट्रिफ्यूजनंतरही वरचा द्रव गढूळ राहतो. हेक्सेन फ्यूम हूडमध्ये पूर्ण उडू द्या. ओली पावडर साध्या फ्रिजमध्ये ठेवणं धोक्याचं आहे, आतल्या एखाद्या ठिणगीने पेट घेऊ शकते.

अर्कासाठी ट्रिस बफर, पीएच ८.५ च्या आसपास. ग्लोब्युलिनांना मीठ लागतं, अल्ब्युमिनांना नुसतं पाणीही पुरतं. प्रथिन कमी निघालं तर आधी पीएच मोजा, कारण पावडर घातल्यावर तो खाली येतो. सगळे बफर बनवताना मोजतात, पावडर घातल्यावर फार थोडे जण मोजतात.

काजूचा अर्क तपकिरी होतो

सालीतले टॅनिन. ती सालपटं आधी काढा. कवचाचं तेल तर मुळीच येऊ देऊ नका, त्यातलं ॲनाकार्डिक आम्ल आणि कार्डोल हातांची कातडी सोलवटतं, हे कोकणात काजू फोडणाऱ्या बायकांना आपण कुणीही सांगायची गरज नाही. बफरमध्ये टॅनिन शोषून घेणारं पीव्हीपीपी १ ते २ टक्के घाला आणि सगळं थंड ठेवा. रंग एकदा प्रथिनाला चिकटला की डायलिसिसने जात नाही. अशा तपकिरी नमुन्यात प्रथिन मोजण्याच्या बीसीए आणि लॉरी पद्धती प्रथिन असल्यापेक्षा जास्त दाखवतात. आपण १० मायक्रोग्रॅम भरलं असं समजतो आणि लेन फिकी येते ती यामुळेच. ब्रॅडफर्डही लहान प्रथिनांना न्याय देतोच असं नाही. महत्त्वाच्या नमुन्याला अमिनो आम्ल विश्लेषणाचा आधार द्या.

तीळ खाऊन त्रास होतो, पण चाचणी निगेटिव्ह

इथे मात्र २एस अल्ब्युमिन निर्दोष असू शकतं, म्हणून हा भाग वेगळा लिहितो. सेंट्रिफ्यूजमधून ट्यूब काढली की वर सायीसारखा पांढरा थर तरंगत असतो. आपण तो स्पॅच्युलाने काढून टाकतो आणि खालचं स्वच्छ पाणी घेतो. त्या थरात तेलाच्या थेंबांभोवती बसलेली ओलिओसिनं असतात: तिळात सेस आय ४ आणि सेस आय ५, शेंगदाण्यात आरा एच १०, ११, १४, १५. पाण्यात विरघळणाऱ्या अर्कात ती जवळजवळ येतच नाहीत, म्हणून त्या अर्कावर बनलेल्या त्वचा आणि रक्तचाचण्यांतही ती नसतात किंवा नगण्य असतात. तिळाने गंभीर प्रतिक्रिया आलेल्या, पण नेहमीच्या चाचणीत निगेटिव्ह राहिलेल्या रुग्णांचं आयजीई ओलिओसिनांना चिकटतं, हे २००६ साली फ्रान्समधल्या संशोधकांनी दाखवलं. असा रुग्ण समोर असेल, तर तो पांढरा थर जपा आणि डिटर्जंट किंवा क्लोरोफॉर्म-मिथेनॉल वापरून वेगळा तपासा.

सिरमच्या बाजूचे दोन सापळे

ब्लॉकिंगसाठी दूध पावडर सर्रास वापरतात. शेंगदाण्याची ॲलर्जी असलेल्या मुलाला दुधाचीही असेल, तर त्याचं आयजीई मेंब्रेनभर केसिनला चिकटतं आणि आख्खी पट्टी काळी होते. त्या सिरमसाठी ब्लॉकर बदला, आणि प्रथिन न लावलेली, फक्त ब्लॉक केलेली पट्टी प्रत्येक वेळी शेजारी ठेवा.

दुसरा सापळा साखरेचा. आरा एच १ वर वनस्पतींच्या धर्तीची साखरसाखळी असते. परागकणांनी संवेदित झालेल्या काही रुग्णांत त्या साखळीविरुद्ध आयजीई असतं आणि ते बहुधा लक्षणांशिवाय असतं. सिरम आधी ब्रोमेलेनबरोबर (अननसातलं, तशीच साखरसाखळी असलेलं प्रथिन) मुरवून ठेवा. सिग्नल नाहीसा झाला, तर तो प्रथिनाचा नव्हता. आरा एच २ वर ही साखळी नसते, त्यामुळे आरा एच १ ला होकार आणि आरा एच २ ला नकार देणाऱ्या सिरमबाबत ही शंका आधी घ्यावी.

रुग्णांचं सिरम संस्थेच्या नैतिकता समितीच्या मंजुरीने आणि लेखी संमतीनेच घ्यायचं. प्रयोगशाळेत बनवलेला अर्क कुणाच्याही त्वचेवर टोचून पाहायचा नाही, स्वतःच्याही नाही. आणि दाण्याची पावडर हवेत उडते, त्यामुळे गटात कुणाला ॲलर्जी असेल तर दळण्याचं काम त्या व्यक्तीच्या खोलीत होता कामा नये.

साठवण

आरा एच ३ थंडीत गाळ धरतं. फ्रिजमधून काढलेली गढूळ ट्यूब खोलीच्या तापमानाला आणा, हलक्या हाताने हलवा, आणि निवळली तरच वापरा. तो गाळ न पाहता वरचं पाणी काढलं, तर त्यात लहान प्रथिनांचं प्रमाण आपोआप वाढलेलं असतं आणि भेसळीचं गणित पुन्हा बिघडतं. शुद्ध केलेलं प्रथिन छोट्या भागांत उणे ८० अंशांवर ठेवा, एकदा वितळवलेला भाग परत गोठवू नका. प्रत्येक ट्यूबवर वाण, कच्चं की भाजलेलं, कॉलमच्या कोणत्या ट्यूबमधून घेतलं आणि आरा एच २ व ६ ची मोजलेली भेसळ किती, हे चार तपशील लिहा. बॅच बदलल्यावर सिग्नल बदलला, तर सिरमची बाटली उघडण्याआधी दोन्ही बॅचचा चौथा तपशील शेजारी ठेवून बघा.